ताणल्या जाणाऱ्या रेषेची कुळकथा

ऑटोकॅड शिकायला बसलेला विद्यार्थी पहिल्याच दिवशी ‘एल’ टाइप करून एंटर दाबतो आणि पडद्यावर एका जागी क्लिक करतो. मग माउस नेईल तिकडे त्या बिंदूपासून रेषा ताणली जाते. दुसरं क्लिक झालं की पक्की होते. क्लासात हा धडा दोन मिनिटांत उरकतात. त्यामागचा इतिहास कोणी सांगत नाही, याची मला खंत वाटते.

ही ताणली जाणारी रेषा अमेरिकेतल्या आयव्हन सदरलंड या विद्यार्थ्याच्या प्रबंधातून आली. एमआयटीतल्या या प्रबंधाचे मार्गदर्शक होते क्लॉड शॅनन, आणि साल १९६३. लिंकन प्रयोगशाळेतल्या ‘टीएक्स-२’ या अवाढव्य संगणकासाठी त्याने ‘स्केचपॅड’ हा प्रोग्रॅम लिहिला. पडदा जेमतेम सात इंची. त्यावर प्रकाश-लेखणी टेकवायची, दुसऱ्या हाताने बटण दाबायचं, की लेखणीमागे रेषा ताणत जायची. लेखणी एखाद्या जुन्या बिंदूजवळ आली की प्रोग्रॅम नेमका तोच बिंदू धरायचा. आजच्या ‘ऑब्जेक्ट स्नॅप’चं मूळ इथे आहे. वेड्यावाकड्या काढलेल्या दोन रेषा ‘समांतर हो’ म्हटलं की समांतर व्हायच्या. मला यातलं हेच सर्वांत मोठं वाटतं. ड्रॉइंग बोर्डवर टी-स्क्वेअर आणि सेटस्क्वेअरने ड्राफ्ट्समन जी शिस्त हाताने पाळायचा, ती आता रेषेच्याच अंगी आली.

पण यंत्राने तिरकी रेषा उमटवायची कशी, हा प्रश्न वेगळाच होता. त्याचं उत्तर आदल्याच वर्षी आयबीएमच्या सॅन होजे इथल्या जॅक ब्रेसनहॅम यांनी शोधलं होतं. त्यांच्यासमोरच्या प्लॉटरचं पेन एका वेळी एकच बारीक पाऊल टाकायचं, तेही ठरलेल्या आठ दिशांनाच. समजा, पाच घरं उजवीकडे आणि दोन घरं वर जायचंय. मग पेन एकदा सरळ जातं, एकदा तिरकं, पुन्हा सरळ, पुन्हा तिरकं आणि शेवटी सरळ. प्रत्येक पावलाला खऱ्या रेषेपासून किती ढळलो याचा हिशेब ठेवायचा आणि पुढचं पाऊल त्यावर ठरवायचं. ब्रेसनहॅम यांनी हा हिशेब पूर्णांकांच्या बेरीज-वजाबाकीत बसवला. भागाकार नाही, दशांश चिन्हही नाही. त्या काळच्या संथ संगणकांना एवढंच झेपण्यासारखं होतं. १९६५ मध्ये ही रीत छापून आली आणि पुढे ठिपक्यांच्या पडद्यांवर रेषा काढायलाही तीच कामी आली.

हे सगळं सामान्य ड्राफ्ट्समनच्या टेबलापर्यंत यायला वीस वर्षं लागली. जॉन वॉकर आणि त्यांच्या साथीदारांनी १९८२ मध्ये ऑटोडेस्क काढली आणि माइक रिडल यांच्या ‘इंटरॅक्ट’ या प्रोग्रॅममधून ऑटोकॅड घडवलं. ते साध्या पर्सनल कॉम्प्युटरवर चालायचं.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं. रेषेची टोकं नजरेने जुळवू नका, ‘एफ ३’ दाबून स्नॅप चालू ठेवा. नजरेला जुळलेलं टोक झूम केल्यावर सुटलेलं दिसतं, आणि हॅच भरायला गेलात की तिथेच अडतं.