रेला नृत्य

रेला नृत्य : माडिया व गोंड समाजांचे समूहनृत्य. गडचिरोली जिल्ह्यात, विशेषतः भामरागड तालुक्यातील हेमलकसा परिसरात ते प्रचलित असून शेजारच्या बस्तरमध्येही आढळते. गाण्याच्या धृपदात ‘रेला’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. गाणे आणि नाच दोन्ही याच नावाने ओळखले जातात. लग्न, पंडुम (सण) आणि गोटुलातली (गावातील युवागृहातली) संध्याकाळ हे त्याचे प्रसंग. बस्तरच्या मुरियांच्या घोटुलात मुली मुक्कामाला राहतात, तशा माडियांच्या गोटुलात राहत नाहीत. नाचायला येतात आणि घरी परततात.

नाचणारे एकमेकांच्या कमरेत किंवा खांद्यांवर हात गुंफून रांग धरतात. रांग वळत वळत फेर होतो. पावले मोजकीच : पुढे, मागे, किंचित वाकणे, पुन्हा उभे राहणे. एक गट ओळ म्हणतो, दुसरा ती उचलतो. ढोल असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही, कारण ताल गळ्यात आणि तळपायात असतो. कोणाचे पाऊल चुकले तर शेजाऱ्याला ते हातातूनच कळते आणि तोच त्याला सावरून घेतो. वेगळा शिक्षक लागत नाही. लहान मूल रांगेच्या टोकाला लागते आणि मोठ्यांचे पाहून शिकते.

शहरी वाचकाला समूहनृत्य म्हटले की चीअरडान्स आठवेल. त्याची मातृकला चीअरलीडिंग १८९८ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर सुरू झाली आणि २००८ पासून आयपीएलमुळे ती भारतात घरोघरी पोहोचली. आठ मात्रांची मोजणी, एकाच क्षणी उठणारे हात, रांगांची अदलाबदल ही चीअरडान्सची मूळ अंगे. एकजुटीची शिस्त दोन्हींकडे सारखी आहे. फरक मोठा आहे तो प्रेक्षकाचा : चीअरडान्स समोरच्यांसाठी असतो, रेला रांगेतल्यांसाठी. त्यात पाहणारा केव्हाही नाचणारा होऊ शकतो, आणि हेच रेलाचे खरे मोल आहे.

गात गात बराच वेळ नाचल्याने दम वाढतो, पाय व कंबर बळकट होतात, तोल सुधारतो. त्याहून मोठा लाभ भाषेचा. माडिया बोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. गाणी तोंडातोंडीच टिकतात आणि नाच थांबला की तीही थांबतात.

हेमलकशात बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला; डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो उभा केला. १९७६ मध्ये तेथे निवासी शाळा निघाली. निवासी शाळांमुळे मुले शिकली, मात्र वर्षातील बरेच महिने गावाच्या गोटुलापासून दूर राहू लागली. आता जिल्ह्यात रेलाच्या स्पर्धा होतात, स्नेहसंमेलनांतही तो दिसतो. मंचावर आल्यावर फेराची सरळ ओळ होते, तोंडे प्रेक्षकांकडे वळतात, आणि ध्वनिमुद्रित गाणे लावले तर नाचणाऱ्यांचा गळा गप्प होतो. यातले शेवटचे नुकसान सर्वांत मोठे. रेला बसवणाऱ्या शिक्षकांनी गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून गाणी शिकून घ्यावीत आणि ती मुलांनाच गाऊ द्यावीत.