फणसाचे द्रोण

मुलाला घेऊन बागेत जाणे ही शहरी रीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुक येथे मुलांचे मैदान म्हणजे घराचे अंगण आणि त्यापुढची आळी.

११ सप्टेंबर १८९५ रोजी याच गावी विनायक नरहर भावे, म्हणजेच विनोबा, जन्मले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. धाकट्या विन्याचे जग आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्याभोवती फिरे. झाडाला फणस धरला की तो कधी खायचा, हा त्याचा ठरलेला प्रश्न. फणस पिकला की आई गरे द्रोणांत भरी आणि ते शेजारी घरोघर पोचवण्यास मुलांनाच धाडी. सगळे वाटून झाल्यावरच मुलांच्या हाती गरे पडत.

ही आठवण विनोबांनीच मोठेपणी सांगितली आहे, आणि आठवणींवर उत्तरायुष्याचा रंग चढतोच. १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीत भूमिहीन दलितांनी ८० एकर मागितले. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर देऊ केले आणि भूदान सुरू झाले. फणसापासून तिथवर सरळ रेघ ओढण्याचा मोह आवरलेला बरा. फणस दरवर्षी धरतो, जमीन एकदा दिली की गेली. म्हणूनच की काय, दानात आलेली बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली. शिवाय गागोद्यातला मुलगा दारोदार द्यायला जाई, १९५१ नंतरचे विनोबा मागायला.

रुक्मिणीबाई १९१८ मध्येच वारल्या होत्या.