रक्तातली हजेरी



लढाईत कोण किती जखमी झाला याची नोंद राहते. कारखान्यातल्या काही जखमा मात्र वीस वर्षांनी उघड होतात. तोपर्यंत माणूस निवृत्त झालेला असतो आणि कारखान्यालाही कुलूप लागलेलं असतं. मग हिशेब मागायचा कुणाकडे? आज अशाच एका हिशेबाची गोष्ट.

व्हिएतनाममध्ये १९६२ ते १९७१ या काळात अमेरिकी हवाई दलाने जंगलांवर तणनाशकं फवारली. त्यातलं ‘एजंट ऑरेंज’ तुम्ही ऐकलं असेल. त्याचा निम्मा भाग होता २,४,५-टी. त्यासाठी लागणारं ट्रायक्लोरोफिनॉल बनवताना, विशेषतः उष्णता वाढली की, डायऑक्सिन नावाचं विष आपोआप तयार होई. ते कुणालाच नको होतं, त्यामुळे कुणाच्या अंगावर किती गेलं हे त्या काळी कुणी मोजत नव्हतं.

सैनिकांच्या आधी हे विष कामगारांना भेटलं. ८ मार्च १९४९ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात, नायट्रो गावच्या कारखान्यात अपघात झाला आणि कामगारांच्या अंगावर चिवट पुरळ उठलं. त्यामागे डायऑक्सिन आहे, हे १९५७ मध्ये जर्मनीत उमगलं.

पण पुरळ म्हणजे मोजमाप नव्हे. पुढे अमेरिकेच्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने १२ कारखान्यांतल्या ५,१७२ कामगारांच्या जुन्या नोंदी काढल्या. कोण कोणत्या खात्यात किती दिवस होता, हे त्यातून कळलं. पण कागद खरं बोलतोय की नाही, हे कसं ताडायचं? तर रक्तावरून. डायऑक्सिन चरबीत मुरून बसतं. २५३ कामगारांचं रक्त तपासलं, तेव्हा काम सोडून पंधराहून जास्त वर्षं लोटली होती. तरी रक्तातल्या चरबीत दर ग्रॅमला सरासरी २३३ पिकोग्रॅम विष निघालं. या कामाशी संबंध नसलेल्यांत सरासरी होती ७. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग.

आता उलटा हिशेब. फवारणी करणाऱ्या हवाई दलाच्या जवानांचं रक्त पुन्हा पुन्हा तपासून कळलं होतं, की हे विष निम्मं व्हायला सुमारे सात वर्षं लागतात. समजा, काम सोडून २१ वर्षं झालेल्या माणसात आज २३३ आहे. तीनदा दुप्पट करा: ४६६, ९३२, १,८६४. त्या दिवशी अंगात मुरलेलं विष असं सापडतं.

१९९१ मध्ये निष्कर्ष छापून आला. एक वर्षाहून जास्त काळ संपर्क आणि त्यानंतर किमान वीस वर्षं लोटलेल्या कामगारांत कर्करोगाचे मृत्यू अपेक्षेपेक्षा ४६ टक्के जास्त होते. सगळ्यांची एकत्र बेरीज केली, तर हाच फरक १५ टक्क्यांवर येत होता. म्हणजे कुणाला किती लागलं हे मोजलं नसतं, तर जास्त भोगलेला माणूस सरासरीत हरवला असता. १९९७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने हे डायऑक्सिन माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं.

भोपाळनंतर आपल्याकडे १९८७ मध्ये फॅक्टरी कायद्यात कलम ४१-सी आलं. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवणं आणि ती त्यांना पाहू देणं बंधनकारक झालं. तुमच्या घरात कुणी रसायनाच्या कारखान्यात असेल, तर खातं, काम, तारखा आणि तपासणीचे कागद जपून ठेवा. प्रत्येक विष डायऑक्सिनसारखं रक्तात थांबत नाही. पुष्कळशी काही दिवसांत निघून जातात, आणि मग पुरावा म्हणून उरतो तो फक्त कागद.

जय हिंद.