म्हशीच्या पैशातली रायफल

राधानगरी-भुदरगडाच्या डोंगरपट्ट्यात बंदूक काही नवी नव्हे. कोल्हापूरचे छत्रपती शिकारीचे शौकीन, त्यांच्या पदरी शिकारीसाठी पाळलेले चित्ते होते, आणि दाजीपूरचं रान म्हणजे संस्थानाचं राखीव शिकारीचं रान. त्या शिकारीला हाकारे लागत, ते आमच्यासारख्या गावांतून जात. माझे आजोबा हाकाऱ्याला गेलेले. डबे बडवत रान उठवायचं आणि बार झाला की झाडाआड उभं राहायचं, एवढाच त्यांचा बंदुकीशी संबंध. बंदूक राजाची, हाका रयतेचा.

दुसरी बंदूक राखणीची. इंग्रजांनी 1878 साली हत्यारांचा कायदा केला, स्वतंत्र भारतानं 1959 साली आपला केला. दोन्हींत परवान्याची अट होतीच. गावात एकदोघांकडे पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक असे. नळीत दारू ओतायची, चिंधी ठासायची, छरे घालायचे, पुन्हा चिंधी. एवढं होईतो डुकरं शेजारच्या बांधावर पोचलेली असत. ती बंदूक नेमासाठी नव्हतीच, आवाजासाठी होती. 1958 साली दाजीपूरला अभयारण्य झालं, 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, आणि शिकारीच्या गोष्टी म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढ्या उरल्या.

नेमाची बंदूक आमच्याकडे आली ती तिसऱ्या वाटेनं, एन.सी.सी.च्या. ही संघटना 1948 सालची. गारगोटीला कॉलेजात असताना कॅम्पमध्ये मी पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल खांद्याला लावली. पालथं पडून पाच गोळ्या, बस्स. वर्षाला तेवढ्याच मिळत. पण श्वास धरून चाप हळू दाबायचा आणि कागदावर भोक कुठं पडलं ते बघायचं, ही गोडी तिथं लागली. अंजली भागवतसुद्धा एन.सी.सी.तूनच नेमबाजीत आल्या, आणि 2000 साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या पाच गोळ्या पाचावरच थांबल्या. मी एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून लागलो.

ती गोडी पुन्हा घरात आली माझ्या पुतणीमुळं. साल 2006. कोल्हापूरच्या एका शिबिरात तिनं एअर रायफल हाताळली आणि आल्यापासून दुसरं बोलेना. वय चौदा. दादा म्हणाला, "पोरीच्या जातीला बंदूक कशाला रं? दोन-चार वर्सांत उजवायची हाय ती." शिबिरातल्या प्रशिक्षकांनी मात्र मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पोरीचा हात स्थिर आहे, पण स्वतःची रायफल नसेल तर पुढं जाणार नाही. नव्या परदेशी रायफलीची किंमत विचारली. लाखाच्या वर. आमचं वर्षाचं उसाचं बिल सोसायटीची वजावट होऊन तेवढं हातात येत नव्हतं.

मग पुण्याच्या एका निवृत्त नेमबाजाकडं जुनी जर्मन रायफल पडून असल्याचं कळलं. बाजूची दांडी मागं ओढून स्प्रिंग दाबायची, त्या जातीची. या रायफलीची एक खुबी होती. बार होताना नळीसकट सगळं यंत्र दस्त्यावरच्या पट्ट्यांवर जरासं मागं सरकतं, त्यामुळं धक्का खांद्यापर्यंत येतच नाही. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीत छरा नळीबाहेर पडायच्या आतच बंदूक हलते, आणि नेम तिथंच जातो. पण दस्ता तडकलेला, मागची साइट गायब, आत पिस्टनची चकती झिजून भुगा झालेली. मालक म्हणाले, एकवीस हजार.

घरात तीन दिवस कुणी नीट बोललं नाही. चौथ्या दिवशी वहिनींनी दावणीची दुभती म्हैस बाजाराला काढली. दादा आडवा आला तेव्हा म्हणाल्या, "म्हस माझ्या माहेरची हाय. इकायची का ठेवायची ते मी ठरवीन." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊजी, बंदूक नीट बघून घ्या. दुसरी म्हस न्हाई आपल्याकडं." म्हैस तेवीस हजाराला गेली. डेअरीत दूध घालून येणारा आठवड्याचा पगार बंद झाला, तो वर्षभर बंदच राहिला.

पुढचे दोन महिने जुळवाजुळवीचे. एअर रायफलीला परवाना लागत नव्हता, आणि नळीला किंवा तिच्या ताकदीला हात लावायचा नाही हे मी आधीच ठरवलं होतं. नळी चांगली असली की बाकीचं माणसाच्या मापानं करता येतं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे सुटे भाग करणारे लेथवाले गल्लीगल्लीत. त्यांतल्या एकानं जुन्या चकतीच्या तुकड्यांवरून नायलॉनची नवी चकती कातून दिली. केसभर जास्त ठेवली, मग पॉलिश पेपरनं उतरवत उतरवत बसवली. त्याला म्हटलं, हे बंदुकीचं आहे. तो म्हणाला, "मला काय, पंपाचं असलं तरी माप तेच."

दस्ता गावच्या सुतारमामांनी केला. सागवान हलकं, शिसव जड आणि टणक. नियमानं रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण चौदा वर्षांच्या पोरीनं ती उभ्यानं धरायची, चाळीस नेम संपेपर्यंत. म्हणून जुनं, मुरलेलं सागवान घेतलं, पाडलेल्या वाड्याच्या तुळईचं. सुतारमामांनी पोरीला अंगणात उभं केलं, कोपराच्या खाचेपासून बोटापर्यंत सुतळीनं माप घेतलं. गाल टेकायची फळी दोन खिळ्यांवर वरखाली होईल अशी केली, कारण पोर वाढणार. पाठीमागं ट्यूबच्या रबराची पट्टी. या कामात सगळं एका गोष्टीसाठी चालतं: दर वेळी गाल, खांदा आणि हात त्याच जागी यावेत. रायफल चांगली म्हणजे काय, तर माणसाला काल उभा होता तसाच आज उभा करते ती.

मागची पीप-साइट जुनीच पण धड मिळाली, साडेपाच हजाराला. बारीक भोकातून बघायचं, पुढच्या कड्यात निशाणाचा काळा गोल मधोमध बसवायचा. काळ्याभोवती पांढरी कडा चहूकडून सारखी दिसली पाहिजे. पुढच्या कड्या नव्हत्या. हुपरी हे चांदीच्या कामाचं गाव, तिथल्या एका पैंजणवाल्या कारागिरानं पितळी पत्र्यातून वेगवेगळ्या मापाच्या तीन कड्या कापून दिल्या. पितळ चकाकतं म्हणून त्यांवर चिमणीची काजळी धरली.

हिशेब माझ्या वहीत आहे. रायफल 21,000, साइट 5,500, दस्ता 2,400, लेथ 650, कड्या 150. एकूण 29,700. म्हशीचे 23,000 वजा जाता 6,700 उसाच्या बिलातून.

पावसाळ्यात गुऱ्हाळ बंद असतं. चुलवाणापासून दारापर्यंत बरोबर दहा मीटर भरले. निशाणाच्या मागं वाळूची पेटी ठेवली, छरे शिशाचे म्हणून हात धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही असा वहिनींचा नियम. पहिल्या दिवशी पोरीच्या हाती रायफल दिली नाही. सुतारमामांच्या शिकंजात रबर घालून आवळली आणि वेगवेगळ्या डब्यांतले पाच-पाच छरे मारले. छरे साडेचार मिलिमीटरचेच, पण एका डब्याची भोकं पसरायची, दुसऱ्याची एकावर एक पडायची. ज्या डब्याचं पाच छऱ्यांचं मिळून एकच भोक झालं, तेच छरे घ्यायचे ठरलं. निशाणावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, टाचणीच्या डोक्याहून लहान. दादा दारातनं बघत होता. कागद हातात घेऊन उजेडाला धरला, काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळाच्या कौलांत काचेची दोन कौलं बसवलेली दिसली, निशाणावर उजेड यावा म्हणून.

पोर जिल्ह्यात पहिली आली, राज्याला गेली. ऑगस्ट 2008 मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रानं याच दहा मीटर एअर रायफलीत सुवर्ण जिंकलं तेव्हा गुऱ्हाळात गावची निम्मी पोरं जमली होती. 2010 साली तर आमच्या कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिकला पन्नास मीटरमध्ये जगज्जेती झाली. त्याच सुमारास पुतणी मावळंकर स्पर्धेपर्यंत पोचली. नॅशनल रायफल असोसिएशन 1951 साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती ग. वा. मावळंकर, त्यांच्या नावाची ही स्पर्धा पार केल्याशिवाय राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडत नाही. तिचं दार दोन गुणांनी बंद राहिलं.

गावात चर्चा झाली ती रायफलीचीच. जुनी ती जुनीच, म्हशीच्या पैशात काय येणार, असं. मी घरी येऊन रायफल पुन्हा शिकंजात लावली. पाच छऱ्यांचं एकच भोक. रायफल तिच्यापेक्षा एका गुणानंही कमी नव्हती. कमी होती ती वेगळीच गोष्ट, आणि ती वहीत होती. रोज साठ छरे म्हटलं तर पाचशेचा डबा आठ दिवसांत संपतो. तीन वर्षांत छऱ्यांवर 48,000 रुपये गेले होते, रायफलीच्या दीडपटीहून जास्त. आणि साठ म्हणजे शहरातल्या रेंजवरच्या पोरांचा सकाळचा सरावसुद्धा नव्हे. वहिनी म्हणाल्या तेच खरं: "बैल एकदाच घ्यावा लागतोय भाऊजी, वैरण रोज लागतीय."

1 ऑगस्ट 2024 रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या 1952च्या पदकानंतर मराठी मातीला बहात्तर वर्षांनी मिळालेलं हे वैयक्तिक पदक. त्याच्या काडतुसांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याचं वर्तमानपत्रांत आलं, तेव्हा आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नाही. पण त्याला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीनं लहानपणीच उचललं होतं आणि पुढं रेल्वेची नोकरी मिळाली होती, हेही वाचलं. घरानं कर्ज काढून सुरुवात करून द्यायची आणि पुढची वैरण कुणीतरी सांभाळायची, असं दोन्ही जुळलं की पोर पॅरिसला जातं. नुसती सुरुवात असली की मावळंकरपर्यंत.

पुतणीचं लग्न दादाच्या ठरवण्यापेक्षा सात वर्षं उशिरा झालं, तिच्या मनासारखं, बी.पी.एड. होऊन शाळेत लागल्यावर. रायफल तिच्या शाळेत आहे. गालाची फळी आता तिसऱ्या पोराच्या मापाला लावलीय. छऱ्यांसाठी शाळा दरमहा वर्गणी काढते, आणि माझ्याकडून वही मागून नेलीय, हिशेब पुढं चालू ठेवायला.