कान कधी शिकतो?

पाथरी परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचा कारभार उर्दूत चाले. आजही येथे मराठीबरोबर उर्दू-दखनी बोलणारी घरे आहेत. उर्दूत 'ळ' नाही. अशा घरातले मूल 'काळ'ऐवजी 'काल' म्हणाले, की आपण चटकन म्हणतो, "याची जीभ जड आहे." पण अडचण जिभेची आहे की कानाची?

बोलीतले ध्वनी माणूस ओळखू कधी लागतो, हे शोधताना पहिला अडथळा हा, की तान्ह्या बाळाला विचारायचे कसे? १९७१ साली अमेरिकेतील पीटर आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती केली. एक आणि चार महिन्यांच्या बाळांच्या तोंडात यंत्राला जोडलेली चोखणी दिली. जोराने चोखले की ध्वनी ऐकू येई. तोच तो 'ब' ऐकून बाळ कंटाळे, चोखणे मंदावे. मग 'प' ऐकवला की ते पुन्हा वाढे. म्हणजे बोलता येण्याच्या कितीतरी आधी बाळाला हा फरक कळत होता.

मग मोठेपणी परभाषेतले फरक का कळत नाहीत? कॅनडातील जॅनेट वर्कर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली हिंदीतली, आपल्याही ओळखीची, जोडी घेतली : 'ट' आणि 'त'. आपल्या वर्णमालेत 'ट' मूर्धन्य आणि 'त' दंत्य. इंग्रजीतील तसा ध्वनी या दोहोंच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीशी निर्माण होतो. हिंदी भाषक प्रौढांना फरक सहज कळला, बहुतेक इंग्रजी भाषक प्रौढांना नाही. पण इंग्रजी घरातल्या सुमारे सात महिन्यांच्या बाळांना तो कळत होता!

१९८४ साली वर्कर व रिचर्ड टीज यांनी वयाचा शोध घेतला. इंग्रजी घरातली सहा ते आठ महिन्यांची बहुतेक बाळे हा फरक ओळखत. दहा ते बारा महिन्यांची फारच थोडी. पहिला वाढदिवस येईपर्यंत कान घरच्या भाषेत मुरलेला असतो. हे बहिरेपण नव्हे. घरात ज्या फरकाने अर्थ बदलत नाही, त्याकडे लक्ष देणे बाळ सोडते.

हे दार कायमचे बंद होते का? जपानी भाषेत इंग्रजीसारखे 'र' आणि 'ल' वेगळे नाहीत. १९९१ साली डेव्हिड पिसोनी व सहकाऱ्यांनी जपानी प्रौढांना अशा शब्दांच्या जोड्या अनेकांच्या आवाजात ऐकवल्या आणि उत्तर बरोबर की चूक, हे लगेच सांगितले. काही आठवड्यांत त्यांची ओळख सुधारली. १९९७ च्या प्रयोगात तर, उच्चाराचा सराव न घेताही, केवळ ऐकण्याच्या सरावाने उच्चार सुधारले.

वर्गात हे करून पाहता येईल. तोंडासमोर वही धरून 'काल-काळ', 'मन-मण' यांतला एक शब्द म्हणा. मुलाने फळ्यावरचा योग्य शब्द दाखवायचा. असे वीसेक वेळा करा. बहुतेक उत्तरे बरोबर आली, तर सराव जिभेला हवा. निम्मीच आली, तर तो कानाला हवा, तोही वेगवेगळ्या मुलामुलींच्या आवाजात. जो फरक मुलाला ऐकूच येत नाही, त्यासाठी त्याला रागावून काय साधणार?