ऑपेरा, संगीत नाटक आणि आपलं गोडादरा



आपल्या गोडादऱ्यात 'ऑपेरा' म्हटलं तर लोक विचारतील, हा साडीचा कुठला नवा प्रकार? पण विषय आपल्या घरचाच आहे, म्हणून लिहितो.

ऑपेरा म्हणजे गाण्यातूनच गोष्ट सांगणारं नाटक. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरानं ३० डिसेंबर २००६ ला मोझार्टचं 'द मॅजिक फ्लूट' रंगमंचावर चालू असतानाच उपग्रहावरून सिनेमाघरांत दाखवलं. तेव्हापासून त्यांचे शनिवार दुपारचे निवडक प्रयोग देशोदेशीच्या थिएटरांत दिसतात. तिथे दुपारचा एक वाजतो तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. त्यामुळे मुंबईत एनसीपीएला हे खेळ मागाहून, रेकॉर्ड केलेले दाखवतात.

मुलाकडे मुंबईला गेलो असताना तिथे पुच्चिनीचं 'ला बोहेम' पाहिलं. भाषा इटालियन, खाली इंग्रजी अक्षरं. अर्धं वाचायचं राहूनच जायचं. पण मध्यंतरात कॅमेरा पडद्यामागे गेला, सेट हलवणारे कामगार दिसले, तेव्हा खरंच नाटकाला आल्यासारखं वाटलं. शेवटी मिमी मरते तेव्हा शेजारच्या दोन म्हाताऱ्या पारशी बाया डोळे पुसत होत्या. आणि पडदा पडल्यावर लोकांनी चक्क पडद्याला टाळ्या वाजवल्या!

पारशी मंडळींचा आणि आपल्या संगीत नाटकाचा संबंध जुना. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी कंपनीचं 'इंद्रसभा' पाहिलं आणि तसं मराठीत करायचं मनावर घेतलं. ३१ ऑक्टोबर १८८० ला 'संगीत शाकुंतल' रंगमंचावर आलं. आपल्याकडे बोलणंही असतं आणि पदंही, एवढा फरक सोडला तर हा आपला ऑपेराच.

पण तो पोचायचा किती जणांपर्यंत? ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा 'संयुक्त मानापमान' झाला. तीनच महिन्यांत केशवराव गेले. त्या रात्री जे आत होते त्यांनीच तो ऐकला, बाकीच्यांना फक्त वर्णनं. पुढे दहाच वर्षांनी, २५ डिसेंबर १९३१ ला, मेट्रोपॉलिटननं अख्खा ऑपेरा रेडिओवर अमेरिकाभर ऐकवला. गुणात आपण कमी नव्हतो. कमी पडली ती तार.

माझे वडील अमळनेरला. बालगंधर्व त्यांना माहीत ते तबकडीवरचे आणि रेडिओवरचे. नाटक कधी पाहिलं नाही, पण पदं पाठ. मी बी.कॉम. करून बँकेत लागलो, सुरतला बदली झाली, इथलाच झालो. उधन्याला ताप्ती लाईनची गाडी थांबली की निम्मा खान्देश उतरायचा, लूमवर कामाला. रात्रपाळीच्या माणसाला नाटक कुठलं परवडणार? मुंबई-पुण्याच्या कंपनीलाही वीस-पंचवीस माणसं, सेट, साजिंदे घेऊन इथवर यायचं म्हणजे तिकिटं खपायची धास्ती. दोन्ही बाजूंचा हिशेब मला कळतो.

'कट्यार काळजात घुसली' २०१५ मध्ये सिनेमा होऊन आलं तेव्हा आम्ही सहकुटुंब पाहिलं. चांगलं होतं. पण १९६७ च्या मूळ नाटकात वसंतराव देशपांडे रोज वेगळं गायचे म्हणतात, ते सिनेमात कुठून येणार? सिनेमाला 'वन्स मोअर' मिळत नाही.

यंत्राची अडचण आता राहिलेली नाही. २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येचा सोहळा पीव्हीआर-आयनॉक्सच्या पडद्यांवर थेट दाखवलाच की. मग शिवाजी मंदिरातला 'सौभद्र'चा प्रयोग रविवारी सकाळी सुरतच्या एखाद्या पडद्यावर का दिसू नये? रविवार सकाळी निम्म्या खुर्च्या तशाही रिकाम्या असतात. दोनशे खुर्च्या, दीडशे रुपये तिकीट धरलं तर तीस हजार होतात. त्यातून थिएटरचं भाडं आणि नाटकवाल्यांचा वाटा निघतो की नाही, हे नाटकवाल्यांशी बोलल्याशिवाय कळणार नाही, पण बोलायला काय हरकत आहे? माझी नात गुजराती माध्यमात शिकते, मराठी बोलते पण वाचताना अडखळते. पद ऐकायला वाचता यावं लागत नाही.

लिंबायत, डिंडोली, उधन्याच्या मंडळींनी सांगावं, अशा खेळाला कोण कोण येईल? आणि सुरतेत कधी मराठी संगीत नाटक प्रत्यक्ष पाहिलेलं कोणाच्या घरी असेल, तर कुठे आणि कोणतं, तेही लिहा.