बेशरम: तलावाच्या पाळीवरचा पाहुणा

मागच्या भागात गाजर गवतावर बोललो, तेव्हा पुण्याची गोष्ट जास्त झाली. आज आपल्या भागात येऊ. मी साकोली तालुक्यातल्या एकोडीचा. आमच्याकडे तण म्हटलं की धानाच्या बांधीसोबत तलाव आणि बोडीही आठवते, आणि तिथे हमखास दिसते ती बेशरम.

आधी ओळख. माणसाच्या उंचीचं झुडूप, पान बदामासारखं लांबट, फूल फिकट जांभळं-गुलाबी, कर्ण्यासारखं. फांदी मोडली की पांढरा चीक येतो. इथे एक घोळ होतो. आपण खातो ती नाळीची भाजीही याच कुळातली, फूलही तसंच. पण नाळ पाण्यावर पसरते, तिची पोकळ देठं तरंगतात. बेशरम ताठ उभी राहते. रताळंही यांचंच भावंड, बरं का! म्हणून सरसकट उपटायच्या आधी नीट बघा. बेशरमीचा पाला बकऱ्यांनी सतत खाल्ला तर त्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो.

ही मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. आपल्याकडे शोभेसाठी आणि कुंपणासाठी लावली गेली. ढोरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरी. कापून फेकली तरी पेरातून मुळं फुटतात, म्हणून नाव बेशरम.

आता प्रश्न असा, की तलावात ती एवढी माजली कशी? त्यासाठी तलावांचा इतिहास बघावा लागतो. भंडारा-गोंदियातले हे जुने तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा वाटा. पुढे ते मालगुजारांकडे आले, म्हणून मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पाळ दुरुस्त करणं, गाळ काढणं ही कामं गावातूनच व्हायची. व्यवस्था न्याय्य होती असं मी म्हणणार नाही, पण तलावाला कोणीतरी वाली होता.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. तेव्हा भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारचे झाले. निस्तार हक्क कागदावर राहिले, पण देखभालीची जबाबदारी सैल पडली. गाळ साचला, काठ उथळ झाले. उथळ, चिखलट काठ म्हणजे बेशरमीला आयतं घर. ती वाढली की पाण्यातल्या देशी वनस्पतींची जागा जाते, त्यांच्यात अंडी घालणारे, लपणारे मासे कमी होतात. याचा फटका थेट ढिवरांच्या चुलीला बसतो.

म्हणूनच भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजासोबत केलेलं काम मला महत्त्वाचं वाटतं. काही तलावांतून बेशरम काढली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या. यात बायकांचा पुढाकार मोठा. नुसतं उपटून थांबले असते, तर रिकाम्या जागेत तीच परत आली असती.

तुमच्या गावात करायचं असेल, तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मुळासकट काढा. काढलेलं पाळीवर टाकू नका, पहिल्या पावसात फुटेल. कोरड्या जागी पूर्ण वाळवा. आणि पुढच्या वर्षी परत बघायला कोण जाणार, हे त्याच दिवशी ठरवून घ्या.

पुढच्या भागात धानातल्या तणांवर बोलू. तुमच्याकडे बेशरमीला काय म्हणतात, नक्की कळवा.